किनाऱ्यावरच्या फोर बाय फोरची एक्झॉस्ट लाइन बदलताना

खाडीपलीकडे (दापोली)

मंडळी, एक्झॉस्ट बदलण्यावरचे बरेच धागे वाचले. चर्चा फिरून फिरून दोनच गोष्टींवर येते: आवाज किती भारदस्त झाला आणि पॉवर किती वाढली. दापोली-गुहागरपासून खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत बारा महिने राहणाऱ्या गाडीला हे दोन्ही प्रश्न शेवटचे. पहिला प्रश्न गंजाचा. मग पाण्याचा, मग सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) सुक्या गवताचा, आणि सर्वांत शेवटी आवाजाचा. याच क्रमाने विचार करून माझ्या जिप्सीची लाइन नव्याने बनवून घेतली. ती माहिती सविस्तर लिहितो, म्हणजे फॅब्रिकेशनवाल्याशी बोलताना काय मागायचं आणि काय नको म्हणायचं ते ठरवता येईल.

गाडी १.३ लिटरची एमपीएफआय जिप्सी, ८० बीएचपीवाली. मॅनिफोल्ड (इंजिनला लागून असलेली धुराची नळी) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट (धुरातले विषारी वायू कमी करणारी डबी), मूळचेच ठेवले. कॅटच्या मागचं सगळं बदललं: मधली नळी, सायलेन्सर, शेपटाची नळी आणि हँगर (नळी लटकवायचे आधार).

जुना सायलेन्सर ग्राइंडरने उभा कापून पाहिला. बाहेरचा पत्रा बऱ्यापैकी धड दिसत होता, फक्त मागच्या टोपणाच्या शिवणीवर तांबूस ओघळ होते. आत मात्र भोकाभोकांच्या नळीचे पापुद्रे बोटाने निघत होते, मधला पडदा एका बाजूने सुटून खडखडत होता आणि तळाला ओला लाल भुगा साचला होता. म्हणजे गंज आतून सुरू झाला होता.

त्याचं कारण साधं आहे. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, एका लिटरमागे जवळपास एक लिटर. इंजिन तापलेलं असेल आणि गाडी लांब जात असेल तर ते वाफ होऊन बाहेर पडतं. पण आपलं रोजचं चालवणं कसं असतं? घरातून बाजार, बाजारातून जेटी, जेटीवरून घर. सायलेन्सर पुरता तापतच नाही, वाफ आतच थंड होते आणि ते आम्लयुक्त पाणी तळाला बसून राहतं. बाहेरून खारं वारं असतंच. त्यात हर्णैच्या रस्त्यावर मासळीच्या टेम्पोतून गळणारं खारं पाणी चाकांनी उडून थेट तापल्या नळीवर बसतं. दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडला फेरीने जाणाऱ्या गाडीला उधाणाच्या दिवशी जेटीवर तुषार मिळतात ते वेगळेच. दोन्ही बाजूंनी खाल्ल्यावर साधा पत्रा किती टिकणार?

म्हणून माल कोणता हा मुख्य निर्णय. साधं माइल्ड स्टील स्वस्त आणि कुठेही वेल्ड होणारं, पण इकडे ते कामचलाऊच. ॲल्युमिनाइज्ड पत्रा त्याहून बरा, मात्र जिथे कापला किंवा वेल्ड केला तिथलं आवरण जळतं आणि गंज तिथूनच शिरतो. कंपन्या बहुधा ४०९ जातीचं स्टेनलेस वापरतात. त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे वरून तांबूस होतं पण आरपार सडायला वेळ लागतो. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, जे मिठाला जास्त दाद देत नाही. मी ३०४ ची कमी कार्बनची जात, म्हणजे ३०४ एल घेतली, १.५ मिमी जाडीची. वेल्डच्या कडेला गंज धरण्याची भीती तिच्यात कमी.

३०४ घेताना एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हे स्टील तापल्यावर माइल्ड स्टीलपेक्षा जास्त लांबतं. दोन मीटरची नळी ३०० अंशांनी तापली तर साधं स्टील सुमारे ७ मिमी वाढतं, ३०४ सुमारे १० मिमी. ही सेंटीमीटरभर वाढ कुठेतरी जायला हवी. वेल्डरने मजबुतीच्या नादात नळीची पट्टी थेट चासीला वेल्ड केली तर ती वाढ वेल्ड फोडून बाहेर निघते. ताण, उष्णता आणि मीठ हे तिन्ही एकत्र आले की ३०४ ला बारीक भेगा जायची खोडच आहे. म्हणून रबरी हँगर हवेतच, आणि इंजिनच्या हालचालीसाठी पुढे जाळीदार फ्लेक्स पाइपही. माझ्या लाइनला तीन हँगर आहेत आणि एकही जोड चासीला घट्ट नाही.

नळीचा मार्ग. जुनी नळी गिअरबॉक्सच्या क्रॉस मेंबरच्या (चासीच्या आडव्या पट्टीच्या) खालून जात होती. जांभ्याच्या कातळावर गाडी टेकली की पहिला मार तिलाच. आता क्रॉस मेंबरच्या वरून घेतली आहे, आणि सायलेन्सर चासीच्या आत चपटा बसवलाय. खालून पाहिलं तर कुठलाही जोड चासीच्या खाली लोंबत नाही. इंधनाच्या पाइपपासून अंतर सोडायचं, नियमात ३५ मिमी आहे, शक्य तिथे मी जास्त सोडलं. ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग यांच्यासमोर पत्र्याची ढाल, मध्ये हवेची फट ठेवून. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी ३ मिमीचं एक भोक पाडून घेतलं, साचलेलं पाणी तिथून गळून जातं. आवाजात काहीही फरक पडत नाही.

नळीवर गुंडाळायची ती उष्णता अडवणारी पांढरी-काळी पट्टी इकडे अजिबात नको. रेसिंगच्या कोरड्या गाड्यांना ती ठीक. आपल्याकडे ती खारं पाणी शोषून धरते आणि नळीला ओल्या फडक्यात बांधून ठेवल्यासारखं होतं.

कॅट काढायचा सल्ला खूप जण देतात. मी काढला नाही आणि कोणीही काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. काढला की पीयूसीचे आकडे बिघडतात, ज्या गाड्यांत कॅटच्या मागेही ऑक्सिजन सेन्सर आहे तिथे चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि तो सगळा विषारी धूर आपल्याच पाखाडीत, आपल्याच पोरांच्या नाकात जातो. कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२० सायलेन्सर बंधनकारक करतो. नियम ११२ सांगतो की धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडायचा नाही, मागे किंवा उजवीकडेच सोडायचा. आवाज-प्रदूषणाची मानकं मोडली तर कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. म्हणून माझी लाइन मूळ मार्गाच्या आणि मूळ आवाजाच्या जवळच ठेवली आहे. बदलला तो माल आणि बांधणी.

पॉवरबद्दल विचाराल तर कॅटच्या मागे नळी बदलून १.३ लिटरच्या इंजिनात जाणवण्याजोगं काही मिळत नाही. मिळतो तो टिकाऊपणा. प्रश्न असतील तर विचारा.

मतलई (मालवण)

बरां केलंस, ह्यां कोणीतरी लिवक होयां होतां.

माझ्याकडे पाच दरवाजांची जिम्नी आहे. ऑनलाइन सव्वादोन इंची तयार कॅट-बॅक सेट (कॅटच्या मागची पूर्ण लाइन) मिळतोय. विकणारा सांगतो बॅक प्रेशर (धुराला होणारा अडथळा) कमी होईल, गाडी मोकळी पळेल. घ्यावा का? आणि ३१६ का नाही घेतलंत? मी तर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहते.

खाडीपलीकडे

ताई, सेट घेऊ नका. जिम्नीचं इंजिन १.५ लिटरचं, १०५ पीएस. आपण ही गाडी चिखलात, चढावर, लो रेंजमध्ये कमी आरपीएमवर चालवतो. तिथे धूर वेगाने बाहेर पडणं महत्त्वाचं, कारण सिलिंडरमधून निघालेला एक झोत मागच्याला ओढून नेतो. नळी रुंद केली की वेग पडतो. नुसतं पावणेदोन इंचावरून दोन इंचावर गेलात तरी नळीचं क्षेत्रफळ ३० टक्क्यांनी वाढतं आणि धुराचा वेग साधारण पाव हिश्शाने कमी होतो. सव्वादोनला त्याहून वाईट. वरच्या आरपीएमला थोडा फायदा होईलही, पण कुडाळ-मालवण रस्त्यावर तुम्ही ६००० आरपीएम किती वेळा गाठता? मूळ नळीचं माप कॅलिपरने मोजा आणि तेच ठेवा.

दुसरं म्हणजे घुमणारा आवाज. चार सिलिंडरच्या इंजिनात २४०० आरपीएमला सेकंदाला ८० स्फोट होतात. ८० हर्ट्झचा तो आवाज चौकोनी केबिनमध्ये घुमतो आणि लांबच्या प्रवासात डोकं धरतं. तो मारायला बाजूला बंद टोकाची नळी जोडतात, पण तापलेल्या धुरात त्या नळीची लांबी दीड मीटरच्या आसपास लागते. जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिमी, त्यात ती बसवायची कुठे? मोठ्या पोटाचा सायलेन्सर हाच सोपा उपाय.

३१६ घ्यायला हरकत नाही, तुमच्या घराची जागा बघता कदाचित योग्यच. भाव बराच जास्त आणि छोट्या गावात सुटी नळी मिळत नाही, म्हणून मी ३०४ वर थांबलो. पण कोणताही माल घ्या, पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून) किंवा फेरीवरून आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची. नळी गार झाल्यावर, आधी नाही.

जांभा (रत्नागिरी)

मी फॅब्रिकेशनच्याच धंद्यात आहे, मुख्यतः बोटींची आणि हॉटेल किचनची कामं करतो, अधूनमधून गाड्यांची. धाग्यात वेल्डिंगचं थोडक्यात आलंय म्हणून भर घालतो, कारण स्टेनलेसची लाइन फसते ती नव्वद टक्के वेळा वेल्डवर.

आर्गॉन वायूच्या आवरणात होणारं आर्गॉन वेल्डिंगच करून घ्या. आणि नळीच्या आतही आर्गॉन सोडायला सांगा. बाहेरून शिवण छान चकचकीत दिसते, पण आत हवा राहिली तर आतल्या अंगाला काळी रवाळ खरपूड धरते. तिथलं क्रोमियम जळून गेलेलं असतं, पाणी तिथेच बसतं, आणि वर्ष-दीड वर्षात शिवणीलगत बारीक भोकं पडतात. बरेच जण गॅस वाचवायला हे टाळतात. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून एका भोकातून गॅस सोडायचा, एवढंच काम आहे.

फिलर (वेल्डमध्ये भरायची तार) ३०४ ला ३०८ एल. मूळच्या साध्या स्टीलच्या फ्लँजला (नटबोल्टने जोडायच्या चकतीला) स्टेनलेस जोडायचं असेल तर ३०९ एल. साध्या रॉडने जोडलेलं सुरुवातीला धरून राहतं, मग नेमकं तिथेच तुटतं.

ग्राइंडिंगची चकती आणि वायर ब्रश स्टेनलेससाठी वेगळे हवेत. सकाळी ज्या चकतीने गेटचं लोखंड घासलं तीच दुपारी तुमच्या नळीवर चालवली तर लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि आठवड्यात तांबडे ठिपके येतात. मग गिऱ्हाईक म्हणतं माल खोटा दिला. माल बरोबर असतो, चकती चुकीची असते.

स्टेनलेस नटबोल्ट एकमेकांत जाम होतात, पुन्हा उघडताना मोडतात. निकेलवालं अँटी-सीझ लावा, नाहीतर पितळी नट वापरा.

बंदररोड (वेंगुर्ला)

धागा चांगला आहे, पण थोडा विरोधी सूर लावतो. माझ्या दोन जुन्या जीप पर्यटकांना फिरवतात. ३०४ ची नळी साध्या नळीच्या तिप्पट-चौपट भावाने पडते, वर आर्गॉनची मजुरी. त्यापेक्षा साधा बाजारातला सायलेन्सर घ्या, बसवण्याआधी उष्णता सहन करणारा ॲल्युमिनियम रंग मारा, सडला की बदला. बदलायला अर्धा दिवस लागतो, गल्लीतला मेकॅनिक करतो. गाडीच किती वर्षं ठेवायची हे ठरलेलं नसताना स्टेनलेसमध्ये पैसे अडकवणं मला पटत नाही.

खाडीपलीकडे

तुमचं गणित धंद्याच्या गाडीला बरोबर आहे, आणि रोज लांब फिरणारी गाडी आतून कोरडी राहते हा तुमचा फायदाच. उभी राहणारी, छोट्या फेऱ्यांची, ठेवायचीच अशी ठरवलेली गाडी असेल तर मी स्टेनलेसच सांगेन. माझी एक विनंती: सडला की बदलायचा म्हणताना, सडलेला किती दिवस चालवायचा ते आधी ठरवा. मेकॅनिक येईपर्यंत, सीझन संपेपर्यंत म्हणून भोक पडलेल्या लाइनवर पर्यटक फिरवणाऱ्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

यातला धोका आवाजाचा नाही, कार्बन मोनॉक्साइडचा आहे. त्याला वास नाही, रंग नाही. चौकोनी पाठ असलेली गाडी चालताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर आत खेचला जातो. ताडपत्रीच्या हूडचा मागचा पडदा गुंडाळून वर बांधला आणि पुढच्या खिडक्या पावसामुळे बंद असल्या की मागे बसलेल्यांना तो धूर थेट मिळतो. मागची माणसं डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणतात आणि आपण घाट लागला समजतो. कुंभार्ली किंवा आंबोली चढताना मागच्या सीटवर सगळ्यांनाच एकदम त्रास होत असेल तर गाडी थांबवा, सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा आणि आधी एक्झॉस्ट बघा.

बंदररोड (वेंगुर्ला)

हे मान्य. एका जीपचा मागचा जोड फुरफुरतोय, उद्याच उघडतो.

वाशिष्ठी (चिपळूण)

माझी बीएस-६ थार, डिझेल. दोन प्रश्न. एक, डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा) दिवा वारंवार लागतो. एका वर्कशॉपने सरळ सांगितलं की डीपीएफ काढून आत मोकळी नळी टाकतो आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) मॅप करतो, कटकट संपेल. करावं का? दोन, २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या आळीतल्या गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या. भावाची जुनी बोलेरो दुरुस्त होऊन चालू झाली, पण तेव्हापासून ओढत नाही. इंजिन तपासून झालं, टर्बो तपासून झाला.

खाडीपलीकडे

डीपीएफ काढू नका. वर कॅटबद्दल लिहिलं ते सगळं इथे दुपटीने लागू, कारण डिझेलची काजळी फुप्फुसात खोलवर जाते. आणि कटकट डीपीएफची नाहीच, छोट्या फेऱ्यांची आहे. जाळीत साठलेली काजळी जाळायला आत ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. गाडी ते काम स्वतः सुरू करते, पण मधेच किल्ली बंद केली की अर्धवट राहतं. चिपळूण बाजारात फिरणाऱ्या गाडीला ते पूर्ण करायची संधीच मिळत नाही. दिवा लागला की मुंबई-गोवा महामार्गावर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगाने चालवा, वरचा गिअर न टाकता आरपीएम थोडा चढा ठेवून. नेमकी पद्धत तुमच्या गाडीच्या पुस्तकात आहे, तीच पाळा. तेलही पुस्तकात दिलेल्या जातीचंच हवं, कमी राखेचं, नाहीतर जाळी राखेने भरते आणि ती राख जळत नाही. एवढं करूनही दिवा राहिला तर प्रेशर सेन्सर आणि त्याच्या बारीक नळ्या तपासायला सांगा. एक्झॉस्ट बदलायचीच हौस असेल तर डीपीएफच्या मागचा भाग बदला, पुढे हात लावू नका.

बोलेरोचं मला लांबून एवढंच सुचतं की सायलेन्सर उतरवून वजन करून बघा. पुराचा गाळ शेपटाच्या नळीतून आत जाऊन पडद्यांमध्ये बसतो, इंजिन चालू झाल्यावर वाळतो आणि वाट अर्धी बंद होते. लाकडी हातोडीने ठोकलं तर भरलेला सायलेन्सर बद्द वाजतो.

वाशिष्ठी (चिपळूण)

आजच उतरवला. उभा धरून ठोकला तर वाळलेली चिखलाची ढेपळं पडली, घमेलंभर नाही पण चांगली ओंजळ-दोन ओंजळ. नवा बसवतोय. थारला उद्या सकाळी लोट्याच्या पुढे खेडपर्यंत नेऊन आणतो. दादा, मनापासून धन्यवाद.

कलमवाला (राजापूर)

गवताचा उल्लेख धाग्यात आला म्हणून बरं वाटलं, पण त्यावर अजून कोणी बोललं नाही. मला बोललंच पाहिजे.

फेब्रुवारीपासून सड्यावरचं गवत कंबरेएवढं आणि कुरकुरीत सुकलेलं असतं. एक ठिणगी पडली की वारा वणव्याला सरळ काजूच्या आणि आंब्याच्या बागांत नेतो. वीस-पंचवीस वर्षं जपलेली कलमं एका दुपारी करपतात. फळ गेलं तर पुढच्या वर्षी येईल, कलम गेलं तर माणसाचं अर्धं आयुष्य जातं. आम्ही हिवाळ्यातच बागेभोवती गवत काढून जाळरेषा पाडतो, मग उन्हाळ्यात आडवाटेने कातळशिल्पं बघायला फोर बाय फोर येतात आणि नेमक्या उंच गवतात उभ्या राहतात, इंजिन चालू ठेवून, एसीसाठी.

जोरात चालवलेल्या गाडीचा कॅट बाहेरूनसुद्धा काहीशे अंशांवर तापलेला असतो. सुकं गवत ३०० अंशांच्या आसपास पेट घेऊ शकतं. मिसफायर होत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि तो लाल होतो. आणि वर सांगितलेली ती डीपीएफची ६०० अंशांची सफाई नेमकी सड्यावर सुरू असली तर?

बदल करणाऱ्यांना माझी विनंती. मूळ गाडीला कॅटखाली आणि सायलेन्सरखाली पत्र्याच्या ढाली असतात. काम करताना त्या काढल्या जातात आणि खडखडतात म्हणून पुन्हा लावल्याच जात नाहीत. त्या लावून घ्या. जाड स्किड प्लेट (गाडीखालची संरक्षक पाटी) लावली असेल तर तिच्यावर गवत साठतं, एक्झॉस्टच्या बरोबर खाली. दर थांब्याला हात घालून ते काढा, गाडी गार असताना. थांबायचं ते उघड्या कातळावर. गाडीत अग्निशामक आणि पाण्याचा कॅन ठेवा.

खाडीपलीकडे

हे मी मूळ धाग्यातच लिहायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. संपादकांना विनंती करून वर जोडून घेतो. ढालीबद्दल एक भर: तिच्या कडांना जाळी किंवा मोठी भोकं ठेवू नका, गवताची पाती त्यातूनच आत शिरून अडकतात. एका बाजूने उघडी ठेवा, म्हणजे पाण्याच्या झोताने धुता येते.

घाटउतार (कोल्हापूर)

आम्ही पावसात गगनबावड्याहून खाली उतरतो, वाटेत पऱ्हे (ओढे) ओलांडावे लागतात. शेपटाची नळी उंच, छपरापर्यंत नेली तर पाणी शिरणार नाही ना? मित्र म्हणतो स्नॉर्केल (इंजिनसाठी उंचावरून हवा घेणारी नळी) लावलंय तर एक्झॉस्टही वर हवाच. शिवाय नळी मागच्या चाकाच्या पुढे उजवीकडे काढली तर चढावर टेकत नाही, नियमातही बसते. ते कसं वाटतं?

खाडीपलीकडे

छपरापर्यंत नेऊ नका, गरज नाही. इंजिन चालू असताना शेपूट पाण्याखाली गेलं तरी पाणी आत येत नाही. अर्धा मीटर पाण्याचा दाब जेमतेम ०.०५ बार असतो, आयडलिंगचे धुराचे झोतसुद्धा त्याला बाहेर ढकलतात. इंजिनचा घात होतो तो हवा घेण्याच्या बाजूने पाणी गेल्यावर, आणि स्नॉर्केल त्यासाठीच आहे. त्यातही थारची कंपनीने दिलेली पाण्यातली मर्यादा ६५० मिमी आहे, ती स्नॉर्केल लावल्याने आपोआप वाढत नाही. बाकी वायरिंग, अल्टरनेटर, ॲक्सलचे ब्रीदर (हवा सोडायच्या नळ्या) खालीच असतात.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर मात्र सायलेन्सरमध्ये पाणी भरतं. तेव्हा पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. आधी एअर फिल्टर उघडून बघा. तो ओला असेल तर गाडी ओढूनच बाहेर काढा.

पऱ्ह्यात उतरण्याआधी पाच-दहा मिनिटं थांबा. घाट उतरून, ब्रेक आणि इंजिन तापवून तडक थंड पाण्यात घातली की कॅटमधली सिरॅमिकची जाळी आणि ऑक्सिजन सेन्सर तडकू शकतात. तेवढ्या वेळात पाण्याची खोली चालत जाऊन बघता येते. पाणी तांबडं आणि वाढतं असेल तर ओलांडूच नका.

उजवीकडून काढण्याबद्दल: नियमात बसतं, कातळावर सोयीचंही आहे. पण तुमची गाडी हूडची असेल तर तोंड बसणाऱ्याच्या खिडकीच्या मागेच यायला हवं, आणि मागच्या टायरच्या रबरापासून, ब्रेकच्या नळीपासून लांब. स्प्रिंग पूर्ण दबल्यावरचं अंतर मोजा, नुसतं उभ्या गाडीवर नको. एका चाकाखाली दगड घेऊन गाडी तिरकी करा आणि तेव्हा बघा.

मतलई (मालवण)

थोडं अवांतर, पण एक्झॉस्टच्या निमित्ताने सांगते. नवीन आवाजाचे व्हिडिओ काढायला लोक गाड्या थेट पुळणीवर उतरवतात. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. वेळास-आंजर्ल्याचं सगळ्यांना माहीत आहे, पण घरटी आमच्याकडेही असतात. टायरच्या खोल चाकोरीत पडलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव पहिल्या परिशिष्टात आहे. आणि गाडीलाही यात काही मिळत नाही, तापल्या नळीवर खारी वाळू बसते एवढंच. गाडी रस्त्यावर ठेवून चालत जा.

माझं ठरलं. सव्वादोन इंची सेट नको, मूळ मापात ३१६ बनवून घेते. काम झाल्यावर गळती तपासायची कशी?

जांभा (रत्नागिरी)

ताई, गार इंजिन चालू करा, दुसऱ्या माणसाला जाड ओलं फडकं घेऊन शेपटाचं तोंड काही सेकंद दाबायला सांगा. सगळे जोड घट्ट असतील तर इंजिन घुसमटून मंद होईल. नसतील तर जिथून फुसफुस येते तो जोड खूण करून ठेवा. मग साबणाचं पाणी ब्रशने लावा, बुडबुडे दिसतील. कॅटच्या पुढचा जोड सगळ्यात काळजीने बघा. तिथे फट असली तर झोतांच्या मधल्या क्षणाला बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू विनाकारण जास्त पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज पडतं आणि कॅट तापतो.

पहिल्या आठवड्यात एकदा लांब चालवून आणा, पूर्ण गार होऊ द्या आणि फ्लँजचे नट पुन्हा आवळा. नवीन पॅकिंग बसतं, त्यामुळे ते थोडे ढिले पडतातच. सोबत हँगरची रबरंही बघा, एखादं ताणून तिरकं झालं असेल तर नळी त्या बाजूला ओढली जातेय असं समजा आणि वेल्डरकडे परत जा.